यूनिक्स प्रणालीतील निर्देशिकांची पुनःप्राप्ती

यूनिक्स प्रणालीतील निर्देशिकांची पुनःप्राप्ती : यूनिक्स परिचालन प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात प्रणालीच्या स्वतःच्या कामास लागणाऱ्या फाइली ठराविक निर्देशिकांमध्ये ठेवलेल्या असतात. त्यांपैकी एखादी निर्देशिका पुसली गेली वा बिघडली आणि तिची राखीव प्रत उपलब्ध नसली, तर ती पुन्हा उभी करण्याच्या कार्यपद्धतीस निर्देशिकेची पुनःप्राप्ती म्हणतात. अनेक व्यक्तींची माहिती एकाच सर्व्हरवर साठविलेली असल्यास या कार्यपद्धतीस विशेष महत्त्व येते. अशा प्रसंगी पुष्कळदा माहिती नष्ट झालेली नसते, तर माहितीपर्यंत नेणारी नावे तेवढी नष्ट झालेली असतात. त्याचप्रमाणे तबकडीवरील आज्ञावल्या गेल्या, तरी संगणकाच्या स्मृतीत आधीपासून चालू असलेल्या आज्ञावल्या काही काळ टिकून राहतात. पुनःप्राप्तीच्या बहुतेक सर्व पद्धती या दोन गोष्टींवर आधारलेल्या आहेत. [→ संगणक].

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ साली यूनिक्सच्या निर्मितीस प्रारंभ केला. १९७३ मध्ये तिचा गाभा सी या भाषेत पुन्हा लिहिण्यात आला. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत तिची स्वतंत्र आवृत्ती विकसित झाली, तर १९९१ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी यूनिक्सच्याच धर्तीवर लिनक्स या प्रणालीचा गाभा लिहिला. या सर्व प्रणालींत फाइली साठविण्याचे मूलतत्त्व एकच असल्यामुळे पुढील विवेचन सामान्यतः त्या सर्वांना लागू पडते.

संरचना : यूनिक्समध्ये निर्देशिका ही देखील एक फाइलच असते. तिच्यात केवळ नावे व त्यांपुढील क्रमांक यांची यादी असते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत या यादीतील प्रत्येक नोंद १६ बाइटांची होती : २ बाइट क्रमांकासाठी व १४ बाइट नावासाठी. हा क्रमांक आयनोड या नोंदीचा असतो. आयनोडमध्ये फाइलीचा प्रकार, मालकाचा क्रमांक, वापराचे अधिकार, आकार, कालनोंदी, तिच्याकडे निर्देश करणाऱ्या नावांची संख्या आणि तबकडीवरील ज्या खंडांत प्रत्यक्ष मजकूर आहे त्यांचे पत्ते दिलेले असतात. फाइलीचे नाव मात्र आयनोडमध्ये नसते. सातव्या आवृत्तीत प्रत्येक आयनोडमध्ये १३ पत्ते असत; पहिले १० थेट मजकुराच्या खंडांचे आणि उरलेले ३ अशा खंडांचे, की ज्यांत आणखी पत्ते लिहिलेले असत. मूळ निर्देशिकेचा आयनोड क्रमांक २ हा असतो. संपूर्ण रचनेचा आकार, रिकाम्या खंडांचा हिशेब इ. माहिती सुपरब्लॉक या खंडात असते.

ही रचना ग्रंथालयासारखी आहे. मजकुराचे खंड म्हणजे फडताळातील ग्रंथ, आयनोड म्हणजे ग्रंथाची जागा दाखविणारे पत्रक आणि निर्देशिका म्हणजे नावांची सूची होय. सूची जळाली, तरी पत्रके व ग्रंथ जागेवर असू शकतात. पत्रकेही गेली, तरी ग्रंथ एकेक उघडून ओळखता येतो. परंतु रिकाम्या समजल्या गेलेल्या जागी नवे ग्रंथ ठेवू लागल्यास मात्र जुने कायमचे जातात.

प्रणालीच्या प्रमुख निर्देशिकांचे कार्य भिन्न असते व त्यानुसार त्यांच्या नाशाचे परिणामही भिन्न होतात. ‘बिन’ व ‘एसबिन’ यांत मूलभूत आज्ञावल्या, ‘लिब’मध्ये अनेक आज्ञावल्यांना सामाईक असलेली ग्रंथालये, ‘इटीसी’मध्ये त्या विशिष्ट यंत्राची मांडणी व वापरकर्त्यांची नोंद आणि ‘डेव्ह’मध्ये तबकडी, फीत, टर्मिनल इ. उपकरणांच्या नोंदी असतात.

पुसण्याची क्रिया : फाइल पुसली असता तिचा मजकूर खोडला जात नाही. सातव्या आवृत्तीत निर्देशिकेतील नोंदीचा क्रमांक शून्य केला जाई. नावाची १४ अक्षरे ती जागा पुन्हा वापरली जाईपर्यंत तशीच राहत. त्यानंतर आयनोडमधील नावांची संख्या एकाने कमी होते. ती शून्य झाली आणि कोणत्याही चालू आज्ञावलीने ती फाइल उघडून ठेवलेली नसली, तरच तिचे खंड रिकाम्या खंडांच्या हिशेबात जमा होतात. म्हणजेच नाव पुसले गेलेली परंतु उघडी असलेली फाइल पूर्णपणे जिवंत असते.

१९८३ मध्ये प्रसृत झालेल्या बर्कलीच्या ४.२ या आवृत्तीत नावांची मर्यादा २५५ अक्षरांपर्यंत वाढली व नोंदी कमीअधिक लांबीच्या झाल्या. पुसलेली नोंद तीत सामान्यतः आधीच्या नोंदीत सामावून घेतली जाते. लिनक्सच्या एक्स्ट२ या फाइल-प्रणालीत पुसलेल्या आयनोडमधील पत्ते बहुधा शिल्लक राहत व त्यामुळे फाइल परत मिळविणे तुलनेने सोपे होते. २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेल्या एक्स्ट३ मध्ये मात्र पुसताना हे पत्ते शून्य केले जातात. अधिक विश्वासार्ह रचनेत पुसलेले परत मिळविणे अधिक कठीण झाले, ही यातील विसंगती लक्षणीय आहे.

नाशाची कारणे : सर्वांत सामान्य कारण मानवी चूक हे होय. निर्देशिका तिच्या सर्व शाखांसह पुसणारी ‘आरएम’ ही आज्ञा सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला काहीही विचारत नाही, अशा रीतीने देता येते. चुकीच्या निर्देशिकेत असताना दिलेली आज्ञा किंवा मार्गाच्या नावात चुकून पडलेली रिकामी जागा पुरेशी ठरते. २०११ मध्ये एका मुक्त आज्ञावलीच्या स्थापनेसाठी लिहिलेल्या आदेशांत ‘यूएसआर’ या शब्दानंतर अशीच एक रिकामी जागा राहिली होती. परिणामी आतील एका लहान निर्देशिकेऐवजी संपूर्ण ‘यूएसआर’ पुसण्याचा आदेश दिला जात असे. दुसरे कारण वीजपुरवठा अकस्मात खंडित होणे हे आहे. यूनिक्सचा गाभा तबकडीवर लिहावयाचा मजकूर काही काळ स्मृतीत राखून ठेवतो. तो लिहिला जाण्यापूर्वी यंत्र बंद पडल्यास निर्देशिका, आयनोड व खंड यांचा परस्परमेळ बिघडतो. तबकडीच्या पृष्ठभागातील दोष आणि एकच तबकडी दोन यंत्रांनी एकाच वेळी लिहिण्यासाठी वापरणे ही अन्य कारणे होत.

प्राथमिक निर्णय : नावे पुसली गेली आहेत की रचनाच बिघडली आहे, हे प्रथम ठरवावे लागते, कारण या दोन परिस्थितींत करावयाची कृती परस्परविरुद्ध आहे. केवळ प्रणालीची निर्देशिका पुसली गेली असल्यास यंत्र बंद करणे घातक ठरते. गाभा व शेल स्मृतीत असल्याने चालू यंत्र काम देत राहते; परंतु ते पुन्हा सुरू करू गेल्यास आरंभीची ‘इनिट’ ही आज्ञावली किंवा शेल तबकडीवर नसल्यामुळे ते उभेच राहत नाही. सर्वाधिकार असलेले एखादे टर्मिनल उघडे असल्यास ते कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये, कारण नव्याने प्रवेश करण्यासाठी लागणाऱ्या फाइली गेलेल्या असू शकतात. याउलट रचनाच बिघडली असल्यास यंत्र चालू ठेवल्याने नुकसान वाढते. गाभा चुकीच्या हिशेबावर विसंबून वापरात असलेल्या खंडांवर नवा मजकूर लिहू शकतो. अशा वेळी लेखन तत्काळ थांबवून फाइल-प्रणाली केवळ वाचनासाठी जोडावी लागते. दोन्ही परिस्थितींत त्या तबकडीवर कमीतकमी लिहावे, हा नियम समान आहे.

शेलच्या अंगभूत आज्ञा : ‘बिन’ ही निर्देशिका गेल्यावर फाइलींची यादी देणारी ‘एलएस’, मजकूर दाखविणारी ‘कॅट’, नक्कल करणारी ‘सीपी’ इ. साधने नाहीशी होतात. तथापि काही आज्ञा शेलच्याच अंगी असतात. ‘सीडी’ने निर्देशिका बदलता येते, ‘एको’ या आज्ञेपुढे तारकाचिन्ह दिल्यास शेल स्वतःच निर्देशिकेतील नावांची यादी करते, ‘रीड’ ही आज्ञा आवर्तनात वापरून फाइलीतील मजकूर ओळीओळीने वाचता येतो व तो दुसऱ्या फाइलीत लिहिताही येतो. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ या निर्देशिकेद्वारे चालू आज्ञावल्यांनी उघडून ठेवलेल्या फाइली पोहोचण्याजोग्या असतात. त्यामुळे नाव पुसलेल्या फाइलीची, एवढेच नव्हे तर चालू असलेल्या आज्ञावलीचीही, पूर्ण नक्कल करून घेता येते.

मँचेस्टर येथील घटना : या तत्त्वांचा वापर दाखविणारी एक प्रसिद्ध घटना इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात १ ऑक्टोबर १९८६ रोजी घडली. तेथील एका व्हॅक्स संगणकावर मूळ निर्देशिकेत ‘आरएम’ची आज्ञा दिली गेली. ती मध्येच थांबविण्यात आली, तरी तोपर्यंत ‘बिन’, ‘डेव्ह’, ‘इटीसी’ व ‘लिब’ या निर्देशिका संपूर्ण नष्ट झाल्या होत्या. ‘टेंप’, ‘यूएसआर’ व वापरकर्त्यांच्या फाइली मात्र वाचल्या होत्या. वापरकर्त्यांपैकी काही जण पीएच.डी.च्या प्रबंधाचे लेखन संपवीत होते आणि त्यांच्या फाइलींच्या राखीव प्रती दर गुरुवारी घेतल्या जात. घटना बुधवारी घडली. त्यामुळे तबकडी नव्याने तयार करावी लागली असती, तर सुमारे एका आठवड्याचे लेखन गेले असते.

मूळ फाइल-प्रणालीची चार आठवड्यांपूर्वीची फीत उपलब्ध होती. पण ती वाचणारी आज्ञावली ‘इटीसी’बरोबर आणि फीतयंत्राची नोंद ‘डेव्ह’बरोबर गेली होती. अशा रीतीने राखीव प्रत असूनही ती नसल्यासारखीच झाली. शेजारच्या दुसऱ्या व्हॅक्स यंत्राकडून जाळ्यातून फाइली आणू शकणारी ‘एफटीपी’ ही आज्ञावली ‘यूएसआर’मध्ये शाबूत होती, परंतु तिला ‘इटीसी’मधील काही फाइलींची आवश्यकता होती, आणि निर्देशिका निर्माण करणारी आज्ञाच नष्ट झाली होती. एका टर्मिनलवर ईमॅक्स हा मजकूर-संपादक सुदैवाने चालू होता, तर दुसऱ्या टर्मिनलवर सर्वाधिकार शिल्लक होते. तेव्हा केवळ ‘इटीसी’ निर्माण करणारी लहानशी आज्ञावली व्हॅक्सच्या असेंब्ली भाषेत लिहून ती दुसऱ्या यंत्रावर यंत्रभाषेत रूपांतरित करण्यात आली. ती अवघी ७६ बाइटांची झाली. तिचे षोडशमान अंक ईमॅक्समध्ये हाताने टंकित करून त्यांपासून पुन्हा द्विमान फाइल तयार करण्यात आली. फाइलीस चालविण्याचा अधिकार देणारी ‘सीएचमॉड’ ही आज्ञा देखील गेलेली असल्याने, असा अधिकार आधीच असलेल्या एका फाइलीवर हा मजकूर लिहिण्यात आला. कारण मजकूर बदलला, तरी आयनोडमधील अधिकार तेच राहतात. ‘इटीसी’ निर्माण होताच आवश्यक फाइली संपादकात लिहून ‘एफटीपी’ कार्यान्वित करण्यात आली, दुसऱ्या यंत्रावरून ‘बिन’मधील आज्ञावल्या व फीत वाचणारी आज्ञावली आणली गेली आणि शेवटी फितीवरून ‘डेव्ह’ मिळविण्यात आली. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याचा पहिला विचार टाळला गेला, हेच या यशाचे मुख्य कारण होय.

फाइल-प्रणालीची तपासणी : रचना बिघडली असल्यास ‘एफएससीके’ ही आज्ञावली वापरतात. ती बेल प्रयोगशाळेतील टी. जे. कोवाल्स्की यांनी तयार केली; तिच्यापूर्वी हे काम ‘आयचेक’, ‘डीचेक’ यांसारख्या वेगवेगळ्या आज्ञावल्यांनी करावे लागे. ‘एफएससीके’ पाच टप्प्यांत काम करते : (१) आयनोड व त्यांतील पत्ते, (२) निर्देशिकांतील नोंदी, (३) निर्देशिकांचा मूळ निर्देशिकेशी असलेला संबंध, (४) नावांची संख्या आणि (५) रिकाम्या खंडांचा हिशेब हे अनुक्रमे तपासले जातात. ज्या आयनोडकडे निर्देश करणारे नाव सापडत नाही, तो ‘लॉस्ट अँड फाउंड’ या निर्देशिकेत क्रमांकाच्याच नावाने ठेवला जातो. एखादी निर्देशिकाच अशा रीतीने सापडल्यास तिच्या आतील नावे शाबूत असतात व तिला केवळ तिचे स्वतःचे नाव द्यावे लागते. सुपरब्लॉक खराब झाल्यास, १९८४ च्या शोधनिबंधात मॅक्युसिक, जॉय, लेफलर व फॅब्री यांनी वर्णिलेल्या बर्कलीच्या फाइल-प्रणालीत त्याच्या प्रती तबकडीच्या निरनिराळ्या भागांत असतात व त्यांपैकी एकीच्या आधारे तपासणी करता येते.

‘एफएससीके’चा हेतू रचना सुसंगत करणे हा आहे, माहिती वाचविणे हा नव्हे. विसंगती दूर करताना ती आयनोड वा नोंदी काढूनही टाकते. यास्तव राखीव प्रत नसल्यास प्रथम संपूर्ण तबकडीची खंडशः नक्कल दुसऱ्या तबकडीवर ‘डीडी’ या आज्ञेने घेणे आणि सर्व प्रयोग त्या नकलेवर करणे आवश्यक ठरते.

खंडांमधील शोध : आयनोडही उपयोगी न राहिल्यास मजकुराचे खंड एकेक करून तपासतात. निर्देशिकेच्या पहिल्या दोन नोंदी एक बिंदू व दोन बिंदू या नावांच्या असतात. पहिली स्वतःचा व दुसरी वरच्या निर्देशिकेचा आयनोड दर्शविते. या खुणेवरून निर्देशिकांचे खंड ओळखून त्यांचा वृक्ष पुन्हा जुळविता येतो. इतर फाइली त्यांच्या आरंभीच्या बाइटांवरून ओळखतात, उदा., लिनक्समधील चालविण्याजोग्या फाइलीचा पहिला बाइट षोडशमानात ७एफ हा असून त्यापुढे ई, एल, एफ ही रोमन अक्षरे येतात. वापरकर्त्यांच्या नोंदीच्या फाइलीची पहिली ओळ सामान्यतः ‘रूट’ या शब्दाने सुरू होते. तो शब्द संपूर्ण तबकडीवर शोधल्यास ती सापडण्याची शक्यता असते. मोठ्या फाइलीचे खंड विखुरलेले असल्यास मात्र ही पद्धत अपुरी पडते.

अन्य साधनांवरून पुनर्रचना : प्रणालीच्या बहुतेक फाइली त्याच आवृत्तीच्या प्रत्येक यंत्रावर सारख्याच असतात, म्हणून ‘बिन’ व ‘लिब’ यांतील फाइली तशाच दुसऱ्या यंत्रावरून आणता येतात. मात्र फाइलींबरोबर त्यांचे मालक व अधिकारही तंतोतंत जुळवावे लागतात. ‘एसयू’सारख्या आज्ञावलीचा विशेष अधिकार गेल्यास ती निरुपयोगी होते, तर नको त्या फाइलीस तो मिळाल्यास यंत्राची सुरक्षितता नष्ट होते. ‘डेव्ह’मध्ये मजकूर नसून केवळ उपकरणांचे क्रमांक असतात व ‘एमकेनॉड’ने त्या नोंदी पुन्हा करता येतात, आधुनिक लिनक्समध्ये त्या गाभ्याच्या साहाय्याने स्मृतीतच निर्माण होतात.

‘लिब’ नष्ट झाल्यास ‘बिन’ शाबूत असूनही तेथील बहुतेक आज्ञावल्या सुरू होत नाहीत, कारण त्या आरंभीच सामाईक ग्रंथालयांशी जोडून घेतात. अशा प्रसंगी ग्रंथालयांवर अवलंबून नसलेल्या, म्हणजे स्वयंपूर्ण रीतीने जोडलेल्या आज्ञावल्या उपयोगी पडतात. फ्रीबीएसडी या प्रणालीत याच हेतूने ‘रेस्क्यू’ ही स्वतंत्र निर्देशिका ठेवलेली आहे. लिनक्समध्ये ‘बिझीबॉक्स’ ही आज्ञावली तशीच वापरता येते.

‘इटीसी’ची पुनर्रचना सर्वांत कठीण असते, कारण ती प्रत्येक यंत्राची वेगळी असते. तरीही काही माहिती अन्यत्र शिल्लक असते. कोणती तबकडी कोठे जोडलेली आहे व जाळ्यातील पत्ता कोणता, हे चालू गाभ्याकडून कळते. वापरकर्त्यांची यादी गेली, तरी प्रत्येक फाइलीच्या आयनोडमध्ये मालकाचा क्रमांक असतो आणि वैयक्तिक निर्देशिका बहुधा मालकाच्या नावाने असते. या दोहोंवरून नाव व क्रमांक यांची जोडी पुन्हा लावता येते. परवलीचे शब्द मात्र अशा रीतीने मिळत नाहीत. ते नव्याने द्यावे लागतात.

मर्यादा : ज्या खंडांवर नवा मजकूर लिहिला गेला, त्यांतील जुना मजकूर परत मिळत नाही. अर्धसंवाहक तबकड्यांत रिकाम्या झालेल्या खंडांची सूचना तबकडीला दिली जाते व ती ते खंड स्वतःच मोकळे करते. त्यामुळे तेथे पुसलेली माहिती थोड्याच वेळात अप्राप्य होऊ शकते. माहिती सांकेतिक स्वरूपात साठविलेली असून तिची किल्ली गेली असेल, तर खंड शाबूत असूनही निरुपयोगी ठरतात. परक्या व्यक्तीने यंत्रात शिरकाव करून नाश केला असल्यास प्रणालीची दुरुस्ती करू नये. वापरकर्त्यांच्या फाइली वाचवून प्रणाली नव्याने स्थापावी, कारण दुरुस्त केलेल्या यंत्रावर विश्वास ठेवता येत नाही. पुनःप्राप्तीने उभे राहिलेले यंत्र हेही एकंदरीत तात्पुरते साधन होय. वापरकर्त्यांची माहिती अन्यत्र सुरक्षित पोहोचल्यावर त्यावर प्रणालीची नव्याने स्थापना करणे श्रेयस्कर असते.

प्रतिबंध : नियमित राखीव प्रत घेणे हा प्रमुख उपाय आहे, तथापि प्रत वाचून पाहिल्यावाचून ती असल्याचे गृहीत धरता येत नाही. प्रत वाचणारी साधने मूळ यंत्राबाहेर ठेवणे, ‘इटीसी’ची स्वतंत्र नक्कल करणे, तबकडीच्या विभागणीची नोंद कागदावर ठेवणे आणि सर्वाधिकाराचा वापर आवश्यक तेवढाच करणे, हे पूरक उपाय होत. ‘आरएम’च्या अनेक आधुनिक आवृत्त्या मूळ निर्देशिका पुसण्यास नकार देतात; परंतु तिच्या आतील निर्देशिकांना असे संरक्षण नसते, म्हणून आज्ञा देण्यापूर्वी आपण कोणत्या निर्देशिकेत आहोत हे पाहण्याची सवयच अधिक उपयुक्त ठरते.